ओएलईडी गेमिंग मॉनिटर : खोक्यावरचा आकडा आणि डोळ्यांसमोरचं चित्र

गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की अनेक वर्षं निवड एलसीडीच्याच दोन-तीन प्रकारांत करावी लागे. २०२२ साली सॅमसंग डिस्प्लेचं पॅनेल असलेला ३४ इंची एलियनवेअर मॉनिटर आला आणि टेबलावरच्या गेमिंगमध्ये ओएलईडीनं खऱ्या अर्थानं पाय रोवले. २०२४ पर्यंत ३२ इंची फोरके पडद्यावर २४० हर्ट्झ आणि २७ इंची पडद्यावर ४८० हर्ट्झ मिळू लागले. तंत्रज्ञान अस्सल आहे, पण त्याच्याबद्दलची अर्धवट माहितीही तितक्याच वेगानं पसरली. कुणी सांगतं, वर्षभरात पडदा जळतो. कुणी सांगतं, आता तो प्रश्नच उरला नाही. दोन्ही चूक आहे.

एवढा पैसा घालण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. खोक्यावरचा आकडा सहसा खोटा नसतो, पण तो एका ठरावीक अटीवरच खरा असतो. ती अट समजून घेण्यासाठी हा लेख.

गैरसमज १ : क्यूएलईडी, मिनी-एलईडी, ओएलईडी ही एकाच गोष्टीची नावं आहेत.

वस्तुस्थिती : क्यूएलईडी आणि मिनी-एलईडी हे दोन्ही एलसीडीच आहेत. एलसीडीचा पिक्सेल स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या बॅकलाइटचा प्रकाश तो अडवतो किंवा सोडतो. क्यूएलईडीमध्ये त्या प्रकाशाच्या वाटेत क्वांटम डॉटचा थर असतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात. मिनी-एलईडीमध्ये बॅकलाइटचेच शेकडो-हजारो विभाग केलेले असतात.

विभाग हजारांत असले तरी पिक्सेल लाखांत असतात. फोरके पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. बॅकलाइटचे ११५२ विभाग धरले, तर एका विभागाच्या वाट्याला ७२०० पिक्सेल येतात. काळ्या आकाशातल्या एका चांदणीसाठी ते ७२०० पिक्सेल एकत्र उजळतात आणि चांदणीभोवती धुरकट वलय दिसतं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून तिथे वलय नसतं. ईस्टमन कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली जे तत्त्व मांडलं, त्याचंच हे फळ आहे.

ओएलईडीतही दोन घराणी आहेत. एलजी डिस्प्लेच्या पॅनेलमध्ये पांढरा प्रकाश रंगीत गाळण्यांतून जातो. सॅमसंग डिस्प्लेच्या क्यूडी-ओएलईडीत निळ्या प्रकाशापासून क्वांटम डॉट लाल आणि हिरवा रंग बनवतात. याच क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं.

गैरसमज २ : रिस्पॉन्स टाइम ०.०३ मिलिसेकंद आहे, म्हणजे हलणारं चित्र अजिबात धूसर होणार नाही.

वस्तुस्थिती : ०.०३ मिलिसेकंद हा पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. इथे ओएलईडी एलसीडीला फार मागे टाकतं आणि चित्रामागे राहणारी सावली जवळजवळ नाहीशी होते. पण धूसरतेचं दुसरं कारण आपल्या नजरेत आहे. गेममधल्या धावणाऱ्या पात्राचा पाठलाग करताना डोळा सलग सरकत असतो. पडद्यावरची फ्रेम मात्र पुढची येईपर्यंत जागच्या जागी उभी असते. त्या फरकामुळे चित्र डोळ्यांत फासलं जातं.

हिशेब सोपा आहे. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते. सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगानं जाणारी वस्तू तेवढ्या वेळात १६ पिक्सेल फासते. १२० हर्ट्झवर ८, २४० वर ४ आणि ४८० वर २. म्हणजे ६० हर्ट्झवर चालवलेला ओएलईडी, ०.०३ मिलिसेकंदाचा शिक्का असूनही, वेगवान दृश्यात धूसरच दिसेल. जलद पिक्सेल आणि जास्त हर्ट्झ (म्हणजे रिफ्रेश रेट) हे दोन्ही गुण एकत्र आले तरच चित्र स्वच्छ होतं, आणि ओएलईडीचं खरं मोठेपण तिथेच आहे. एलसीडीत रिफ्रेश रेट वाढला तरी संथ पिक्सेल त्याचा पुरेपूर फायदा मिळू देत नाहीत.

गैरसमज ३ : हर्ट्झ जितके जास्त, तितका गेम सरस.

वस्तुस्थिती : मॉनिटर दाखवतो, फ्रेम बनवतं ते ग्राफिक्स कार्ड. कार्ड सेकंदाला ९० फ्रेम देत असेल, तर ४८० हर्ट्झसाठी मोजलेल्या पैशांतला बराचसा पडून राहतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या स्पर्धात्मक गेममध्ये शेकडो फ्रेम मिळतात, तिथे जास्त हर्ट्झचा उपयोग आहे. भव्य देखाव्यांच्या कथाप्रधान गेममध्ये फोरकेवर तेवढ्या फ्रेम मिळणं अवघड असतं.

फ्रेमचा वेग कमी-जास्त होतो तेव्हा मॉनिटरचा रिफ्रेश रेट त्याच्यासोबत बदलावा, यासाठी जी-सिंक आणि फ्रीसिंक आहेत. पण ओएलईडीची एक उणीव इथेच उघडी पडते. फ्रेमचा वेग एकदम उसळला किंवा कोसळला की गडद करड्या छटांची उजळता किंचित बदलते आणि पडदा लुकलुकतो. अंधाऱ्या दृश्यात आणि गेम लोड होताना हे जास्त जाणवतं. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमना एक स्थिर कमाल मर्यादा घातली की लुकलुक बरीच कमी होते.

गैरसमज ४ : १००० निट लिहिलंय, म्हणजे सगळा पडदा तेवढा उजळणार.

वस्तुस्थिती : तो आकडा बहुधा पडद्याच्या दोन-तीन टक्के भागापुरता असतो. स्फोटाची ठिणगी, दिव्याचा बिंदू, तलवारीवरची चमक एवढ्यापुरता. सगळा पडदा पांढरा झाला की अनेक ओएलईडी मॉनिटर २५० निटच्या आसपास उतरतात. वीज आणि उष्णता आवाक्यात ठेवण्यासाठी मॉनिटर आपोआप उजळता कमी करतो. बर्फाळ प्रदेशातल्या गेममध्ये ही घट लगेच लक्षात येते. अशा दृश्यांत चांगला मिनी-एलईडी पुढे जातो.

काळ्या रंगालाही अट आहे. अंधारात ओएलईडीचा काळा खरोखर काळा असतो. पण बऱ्याच क्यूडी-ओएलईडी मॉनिटरांत ध्रुवीकरणाचा थर नसतो, त्यामुळे समोरून उजेड पडला की काळा रंग करडा किंवा जांभळट दिसतो. मोठी खिडकी समोर आणि दुपारचं ऊन थेट पडद्यावर, अशी टेबलाची जागा असेल, तर ज्या गुणासाठी पैसे मोजले तो दिवसा दिसणारच नाही. आधी खिडकीला पडदे लावा किंवा टेबल फिरवा.

गैरसमज ५ : बर्न-इन वर्षभरात होतोच. किंवा, बर्न-इन आता इतिहासजमा झाला.

वस्तुस्थिती : बर्न-इन म्हणजे पडदा जळणं नव्हे. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ प्रकाश देता देता थकतात, त्यातही निळा प्रकाश देणारे लवकर. एकच चिन्ह, एकच पट्टी तासन्‌तास त्याच जागी उजळ राहिली, तर तिथले पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात आणि त्या आकाराचा कायमचा ठसा उमटतो. रोज वेगवेगळे गेम खेळणाऱ्याला धोका कमी. दिवसभर टास्कबार उघडा ठेवून एक्सेलवर काम करणाऱ्याला, किंवा एकच गेम वर्षानुवर्षं खेळून कोपऱ्यातला नकाशा स्थिर ठेवणाऱ्याला तो जास्त.

कंपन्यांनी उपाय केले आहेत. चित्र दर काही वेळानं थोडं सरकवणं, स्थिर चिन्हं मंद करणं आणि काही तासांच्या वापरानंतर पिक्सेलची झीज मोजून भरपाई करणं. शेवटचा उपाय आपल्याकडे एका साध्या सवयीमुळे वाया जातो. भरपाईची ही प्रक्रिया मॉनिटर स्टँडबायमध्ये असताना काही मिनिटं चालते. खेळ संपताच भिंतीवरचं बटण बंद केलं, किंवा त्याच वेळी वीज गेली, तर ती अर्धवट राहते. आधी मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, प्रक्रिया पूर्ण होऊ द्या, मग मुख्य बटण. टास्कबार लपवा, काळा वॉलपेपर ठेवा, दिवसा उजळता उगाच शंभर टक्क्यांवर नेऊ नका.

काही कंपन्या तीन वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इनही धरतात. पण ती भारतात विकलेल्या त्याच मॉडेलला लागू आहे का, हे बिल करण्यापूर्वी लेखी विचारा.

गैरसमज ६ : गेमला उत्तम, म्हणजे वाचायला-लिहायलाही उत्तम.

वस्तुस्थिती : नेहमीच्या एलसीडीत लाल, हिरवा आणि निळा हे उपपिक्सेल एका ओळीत उभे असतात आणि विंडोज अक्षरं त्या हिशेबानं गुळगुळीत करतं. आतापर्यंतच्या बहुतेक ओएलईडी मॉनिटरांत ही रचना वेगळी आहे. क्यूडी-ओएलईडीत ती त्रिकोणी असते, त्यामुळे आडव्या कडेच्या वर हिरवट आणि खाली गुलाबीसर किनार उमटते. देवनागरीची शिरोरेषा ही आडवी कडच आहे, म्हणून मराठी मजकूर वाचताना ही किनार ओळभर सोबत असते.

घनता वाढली की त्रास कमी होतो. २७ इंची १४४०पी पडद्यावर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल असतात, ३२ इंची फोरकेवर सुमारे १४० आणि २७ इंची फोरकेवर १६० च्या वर. दिवसभर त्याच पडद्यावर लिहायचं असेल, तर दुकानात गेम दाखवायला सांगू नका, एखादं मराठी वृत्तपत्र उघडायला सांगा.

गैरसमज ७ : थोडं थांबावं, मायक्रो-एलईडी आलाच म्हणून समजा.

वस्तुस्थिती : मायक्रो-एलईडीत असेंद्रिय, सूक्ष्म दिवे स्वतः उजळतात. त्यामुळे ओएलईडीचा काळा आणि त्याहून जास्त उजळता व आयुष्य मिळू शकतं. आश्वासन खरं आहे, अडचण कारखान्यात आहे. फोरके पडद्याला जवळपास अडीच कोटी दिवे लागतात. त्यातले ९९.९९ टक्के बिनचूक बसले, तरी सुमारे अडीच हजार बिघडलेले उरतात. सॅमसंगनं २०१८ साली १४६ इंची ‘द वॉल’ दाखवली, पण टेबलावरच्या मॉनिटरएवढ्या आकारात इतके बारीक दिवे परवडेल अशा खर्चात बसवणं त्याहून कितीतरी कठीण आहे. त्याची वाट पाहत आजची खरेदी लांबवण्यात अर्थ नाही.

मग घ्यावा की नाही?

प्रामुख्यानं गेम खेळता, खोलीतला उजेड हातात आहे आणि ग्राफिक्स कार्ड दमदार आहे, तर आज ओएलईडीला तोड नाही. हाच पडदा दिवसा आठ तास कार्यालयीन कामालाही वापरायचा असेल, किंवा खोली सदा उन्हानं भरलेली असेल, तर चांगला मिनी-एलईडी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल, तर आधी पैसा तिथे घाला. विक्रेता आकडा सांगेल, तेव्हा दर वेळी एकच प्रश्न विचारा : हा आकडा कोणत्या अटीवर?