संस्थापकांनंतरचा मुख्याधिकारी

मुख्याधिकारी संस्थेतूनच निवडावा की बाहेरून आणावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा उमेदवाराच्या गुणांभोवती फिरते. इन्फोसिसचे उदाहरण पाहता हा रोख अपुरा वाटतो. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीचे प्रमुखपद २०१४ पर्यंत संस्थापकांकडेच होते. त्या वर्षी जर्मनीच्या सॅप कंपनीतून आलेले विशाल सिक्का हे पहिले बाहेरचे प्रमुख होत. निवृत्त संस्थापकांजवळ भागभांडवल होते. त्याहून मोठे असे नैतिक वजनही होते. पनाया या कंपनीची खरेदी आणि एका माजी वित्ताधिकाऱ्यास सेवामुक्तीच्या वेळी देऊ केलेली रक्कम यांवरून नारायण मूर्तींनी संचालक मंडळास जाहीर जाब विचारला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्कांनी राजीनामा दिला. न्याय्य बाजू कोणाची, हा येथे विषय नव्हे. अशा पदाचे निमंत्रण स्वीकारणाऱ्याने वेतनाआधी एवढे मात्र विचारावयास हवे, की मंडळाबाहेरील कोणाचा शब्द मंडळास मोडवत नाही? कराराच्या मसुद्यात याचे उत्तर सापडत नसते.

केवळ परकेपणा हे कारण म्हणावे, तर पुढील घटनेचा उलगडा होत नाही. संस्थापकांपैकी नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले आणि जानेवारी २०१८ मध्ये कॅपजेमिनीतून आलेले, म्हणजे पुन्हा बाहेरचेच, सलील पारेख रुजू झाले. २०२२ साली त्यांची पाच वर्षांसाठी फेरनियुक्ती झाली.