हाडातील धातू काढल्यानंतर औषध किती दिवस?

मोडलेले हाड सांधण्यासाठी बसविलेली पट्टी, मांडीच्या हाडाच्या पोकळीत घातलेली सळई अथवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा ही साधने रुग्णाला पुन्हा पायांवर उभे करतात. परंतु तेथे जंतूंचा शिरकाव झाला, की हेच उपकारक साधन रोगाचे आश्रयस्थान बनते. जखम वाहू लागते, ठणका लागतो. औषध चालू असेपर्यंत बरे वाटते आणि ते थांबताच पू पुन्हा दिसू लागतो. अखेरीस धातू काढून टाकावा लागतो. त्यानंतर रुग्णाच्या घरचे एकच प्रश्न विचारतात: आता औषध किती दिवस?

या प्रश्नाचे उत्तर धातू आणि जंतू यांच्या नात्यात आहे. नदीच्या घाटावरील पायरीला शेवाळ धरते, तसा जंतूंचा चिवट थर धातूवर चढतो. वरून कितीही पाणी वाहिले तरी शेवाळ निघत नाही. ते खरवडूनच काढावे लागते. धातूला रक्तवाहिन्या नसल्याने रक्तातील रक्षक पेशींचे तेथे फारसे चालत नाही. शिवाय थरातील जंतू जवळजवळ सुप्तावस्थेत असतात आणि वाढत्या जंतूंवर प्रहार करणारी बहुतेक प्रतिजैविके त्यांच्यापुढे दुबळी ठरतात. धातू काढून मृत हाड व पू खरवडून टाकला, म्हणजे हा आसरा नाहीसा होतो. मागे उरलेले थोडे जंतू औषधाच्या आटोक्यात येतात.

अशा वेळी सहा आठवडे औषध देण्याचा प्रघात बराच काळ चालत आला. साफ केलेल्या हाडावर रक्तपुरवठा असलेले नवे आवरण चढण्यास सुमारे तेवढा काळ लागतो, अशी त्यामागील धारणा. पण औषध लांबविणे निरुपद्रवी नसते. अतिसार, मूत्रपिंडावरील ताण, अंगावर पुरळ आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची पैदास ही त्याची किंमत होय. उलट ते अपुरे पडले, तर रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागते.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील वैद्यांनी ही बाब कसोटीला लावली. धातू काढलेल्या १२३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एकास चार व दुसऱ्यास सहा आठवडे औषध दिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार आठवड्यांच्या गटात चौघांना आणि सहा आठवड्यांच्या गटात तिघांना रोग उलटला; म्हणजे फरक नाममात्र. रुग्णसंख्या लहान असल्याने हा शेवटचा शब्द नव्हे. पण प्रत्येकास सहा आठवडे औषध हवेच, हा आग्रह त्याने सैल केला.

मात्र हा निष्कर्ष धातू काढलेल्या रुग्णांपुरताच आहे. फ्रान्समध्ये कृत्रिम सांध्याचा जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर सहा किंवा बारा आठवडे औषध देऊन पाहण्यात आले. २०२१ साली निकाल हाती आला: सहा आठवड्यांच्या गटात सुमारे १८ टक्के रुग्णांत संसर्ग टिकून राहिला, बारा आठवड्यांच्या गटात ९ टक्के. सांधा जागेवर ठेवून केवळ साफ केलेल्यांत ही तफावत विशेष मोठी होती. शेवाळाची पायरी जागीच राहिली, तर घाई महागात पडते.

औषध शिरेतूनच हवे, ही समजूतही आता सर्वत्र लागू नाही. ब्रिटनमध्ये हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१९) पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेले तोंडावाटे घेण्याचे औषध शिरेतील औषधापेक्षा कमी ठरले नाही. त्यामुळे पुष्कळांचा रुग्णालयातील मुक्काम वाचू शकतो.

योग्य औषध निवडण्यासाठी मात्र जंतू ओळखावा लागतो. त्याकरिता शस्त्रक्रियेच्या वेळी निरनिराळ्या जागांतील ऊतींचे अनेक नमुने तपासणीस पाठवितात. आधीच मनाने प्रतिजैविके घेतली असल्यास जंतू तपासणीत सापडत नाही आणि उपचार अंधारात करावे लागतात. जखम कोरडी दिसली म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये, आणि भीतीपोटी ठरल्या मुदतीपुढे ओढूही नये. धातू पूर्ण निघाला काय, हाड कितपत साफ झाले, जंतू कोणता, मधुमेहासारखी व्याधी आहे काय, हे पाहून मुदत ठरविणे वैद्यांचे काम होय; ती पाळणे आणि नंतरही ठणका, सूज किंवा स्राव दिसताच तत्काळ दाखविणे रुग्णाचे.