ताट, चाळण आणि खोडदची दुर्बीण

पारगावच्या मुलखातील पालकांना बलाचा पाठ देण्यासाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही, कारण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण हा त्याचा प्रत्यक्ष दाखलाच आहे. मुलाच्या हाती प्रथम स्टीलचे ताट व नंतर तेवढीच तारेची चाळण देऊन ती टेबलपंख्यासमोर उभी धरावयास सांगावी: ताट मनगटाला मागे रेटते, चाळण मात्र फारशी हलत नाही, कारण बराचसा वारा तिच्या छिद्रांतून पार निघून जातो. पंख्याचा वेग वाढविताच रेटा किती झपाट्याने वाढतो, हेही त्याने अनुभवावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बल सुमारे चौपट होते. असे का होते, याचे उत्तर मुलाला आधी सांगू नये, ही माझी आग्रहाची विनंती. खोडदच्या तबकड्यांना सलग पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी लावण्याची तजवीज झाली ती वाऱ्याचा हा रेटा कमी व्हावा याच कारणास्तव. रेडिओ तरंग जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ लांब असल्याने ते तिच्यावरून परावर्तित होतात, वारा मात्र निसटतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त तेथे भरणाऱ्या प्रदर्शनास मुलांना अवश्य न्यावे.