नाडी तपासणारेच फसले तेव्हा…

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. सव्वानऊचा सुमार. जेवणं उरकून मंडळी मोबाइल घेऊन बसली आणि व्हॉट्सअॅप मुकं झालं! कुणी फोन बंद करून चालू केला, कुणी वायफायचं बटण दाबलं, कुणी उगाच मुलांवर डाफरलं. दोष कुणाच्याच घरात नव्हता. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही जगभर एकदम बंद पडली होती. ती पुन्हा सुरू होईस्तोवर भारतात पहाट झाली.

एवढ्या मोठ्या कारभाराला राखीव यंत्रं नव्हती का? भरपूर होती. अशी सेवा एका कम्प्युटरवर चालतच नाही. बँकेचं अॅप घ्या की रेल्वेचं तिकीट, मागे अनेक सर्व्हर राबत असतात आणि दर काही सेकंदांनी प्रत्येकाची नाडी तपासली जाते. पहारेकरी प्रोग्रॅम विचारतो, ‘आहेस ना?’ दोन-तीनदा उत्तर आलं नाही, की तो सर्व्हर आजारी ठरतो आणि त्याचं काम शेजाऱ्याकडे जातं. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. अर्थात, नुसतं ‘आहेस ना’ विचारून भागत नाही. दुकानाचं शटर उघडं असतं, पण गल्ल्यावर कुणी नसतं, तसं सर्व्हरचंही होतं. म्हणून चोख तपासणी त्याच्याकडून एखादं काम करवून घेते.

‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ हे आश्वासन ऐकायला झकास. हिशेब मांडला, तर वर्षात पावणेनऊ तास बंद राहायची मुभा! आणखी एक नऊ जोडला, तर जेमतेम ५३ मिनिटं.

त्या रात्री मात्र ही तपासणीच अंगाशी आली. देखभालीचं रोजचं काम चालू असताना दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. अशी घातक आज्ञा अडवणारा प्रोग्रॅम होता, पण नेमका त्यातच दोष निघाला. इंटरनेटला कंपनीचा पत्ता सांगणारे सर्व्हर धडधाकट होते. त्यांना नियम असा, की डेटा सेंटरशी बोलणं होत नसेल, तर स्वतःला आजारी समजून आपली पाटी उतरवायची. एखाद्याने तसं केलं, तर ते शहाणपणच. इथे सगळ्यांनी एकाच वेळी पाट्या उतरवल्या!

दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावं लागलं. तिथला बंदोबस्त इतका कडक, की आपल्याच यंत्रांपर्यंत पोहोचायला त्यांचा वेळ गेला. जाळं जुळल्यावरही सगळं एकदम सुरू करणं धोक्याचं होतं. विजेचा वापर कित्येक मेगावॉटनी घसरला होता आणि अचानक भार आला असता, तर नवंच संकट! म्हणून बेताबेताने एकेक सेवा उठवली.

अख्खं डेटा सेंटर मुद्दाम बंद पाडून सावरण्याच्या तालमी कंपनी आधीपासून करत होती. सगळं जाळं तुटल्याची तालीम तेवढी कधी झाली नव्हती. तीही करून बघण्याचे मार्ग शोधू, असं कंपनीने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं.