नव्या डिस्कची वाटणी

खामगावात चांदीची पेढी असो की सरकी-ढेपेचं दुकान, वर्षानुवर्षांचे हिशेब संगणकात साठत जातात आणि एक दिवस जागा संपते. लिनक्सच्या संगणकाला नवी डिस्क जोडली, की आधी तिची वाटणी करायची, शेतासारखीच. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य हिस्से चारच, मर्यादा सुमारे २ टीबी. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ हिस्से बसतात.

‘एलएसबीएलके’ कमांडने डिस्कचं नाव आणि आकार दोनदा पडताळा. मग ‘एफडिस्क’. त्यात ‘एन’ दाबला की नवा हिस्सा. तो बहुधा २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतो. ‘पी’ने टेबल पाहा. इथवर सगळं मेमरीतच असतं. ‘क्यू’ दाबून बाहेर पडलात तर डिस्कला धक्काही लागत नाही. ‘डब्ल्यू’ दाबला की वाटणी पक्की. त्या एका अक्षराआधी हात थांबवा आणि जुन्या हिशेबांची प्रत दुसरीकडे आहे ना, ते बघा.

पुढे ‘एमकेएफएस’ने हिस्सा फॉरमॅट करायचा आणि ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये त्याची एक ओळ घालायची. तिथे डिस्कच्या नावाऐवजी हिस्स्याचा यूयूआयडी हा ओळखक्रमांकच लिहा. केबल इकडची तिकडे झाली तर डिस्कचं नाव ‘एसडीबी’चं ‘एसडीसी’ होऊ शकतं.