वाढोणा की हिमायतनगर?

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. आणखी एक हिमायतनगर आहे, ते हैदराबाद शहरात. समजा, दहाजणांनी मिळून या भागाची माहिती जमवायला घेतली आणि ज्याने-त्याने आपापल्या वहीत लिहिली, तर एकाच गावाच्या दोन नोंदी होणार आणि एखादी भलतीकडेच, हैदराबादेत जाऊन बसणार!

अनेकांनी मिळून लिहायच्या पानांना विकी म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे चटकन. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. पण लेखात आकडे विखुरलेले राहतात. एका पानावर दुरुस्ती होते, दुसऱ्यावर जुनाच आकडा तसाच. म्हणून २०१२ मध्ये विकिडेटा आला. तिथे प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक मिळतो, नावे त्याला चिकटवलेली असतात. वाढोणा आणि हिमायतनगर ही दोन्ही नावे एकाच क्रमांकाखाली, हैदराबादच्या वस्तीचा क्रमांक निराळा. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. अशा वेळी नाव बदलते, क्रमांक तोच राहतो, आणि मागच्या नोंदी हरवत नाहीत.

मला यातला सर्वांत मोलाचा रकाना वाटतो तो तारखेचा. नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या किती? २००१ च्या जनगणनेत २८,७६,२५९, २०११ च्या जनगणनेत ३३,६१,२९२. साल लिहिले नाही तर दोघे भांडत बसतील, आणि दोघेही खरे असतील. जिल्हा कोणत्या राज्यात, हा प्रश्नही तसाच. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तिन्ही उत्तरे कालावधीसह शेजारी-शेजारी ठेवता येतात, आणि प्रत्येकासमोर आधार लिहायची सोय असते.

सहस्रकुंडाचा धबधबा पैनगंगेवर आहे. नदीच्या एका काठाला नांदेड, दुसऱ्या काठाला यवतमाळ. वहीत तो दोनदा लिहिला जातो, आमचा म्हणून आणि त्यांचा म्हणून. इथे नोंद एकच आणि जिल्हे दोन.

तुमच्या बचत गटाला किंवा शाळेला संगणकाच्या साध्या तक्त्यातही हे करता येईल. आधी क्रमांक, मग नाव, माहिती, तारीख आणि ती कुणी सांगितली. वाढोण्याचे हिमायतनगर कसे झाले, ही हकिगत मात्र रकान्यात मावायची नाही. तिला सलग लेखच हवा.