मिलिटरी पँट घेताना लेबलवरचा आकडा विसरा, टेप हातात घ्या

बेळगाव : जीन्स ३२ ची व्यवस्थित बसते, म्हणून ‘गुरखा’ पँटही ३२ चीच ऑनलाइन मागवली जाते. पार्सल येतं, पँट मांडीपर्यंत छान चढते आणि पोटाशी येऊन अडते. तोवर परतीची मुदत संपलेली असते. परदेशातून आलेली असेल तर परत पाठवायचं पोस्टेजच डोळे पांढरे करतं. मग ती कपाटात जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत धाकट्या भावाच्या वाट्याला येते.

जुन्या फौजी नमुन्याच्या पँटांची हौस आता कॉलेजच्या पोरांपासून बुलेटवाल्या काकांपर्यंत पोचली आहे. त्यासाठी दीड हजारापासून सात-आठ हजारांपर्यंत खिसा हलका होतो. त्यातले बरेचसे पैसे कापड वाईट निघाल्यामुळे नाही, तर माप चुकल्यामुळे वाया जातात.

आधी ओळख पटवून घ्या

बेळगावचा कॅम्प, इंदूरजवळचं महू, ग्वाल्हेरचं मोरार, हैदराबादला लागून असलेलं सिकंदराबाद. मराठी माणूस जिथे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्यातल्या बऱ्याच गावांना छावणी आहे. त्यामुळे ‘आर्मी पँट’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. त्या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक म्हणजे सरप्लस : एखाद्या देशाच्या सैन्यासाठी खरोखर शिवलेला आणि नंतर मोडीत निघालेला माल. दुसरी रिप्रॉडक्शन : जुन्या पँटचं कापड, कटिंग, खिसे, बटणं बघून नव्याने शिवलेली नक्कल. तिसरी नुसती फॅशन : साध्या पँटला सहा खिसे लावले, हिरवा रंग दिला की झाली मिलिटरी. दुकानदार तिसरीला दुसरीचं नाव देतो आणि भावही दुसरीचाच लावतो. या लेखाचा विषय आहे तो दुसरी.

खाकीचं मूळही परकं नाही. फारसीत ‘खाक’ म्हणजे माती, धूळ. आपण ‘जळून खाक’ म्हणतो तोच शब्द. १८४६ च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेनने उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्समध्ये हा मातकट रंग गणवेशात आला. पुढे मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकामशाळेत जॉन हॅलर यांनी पक्का खाकी रंग तयार केला, असं सांगितलं जातं. म्हणजे जपानी कंपनीच्या खाकीला वीस-पंचवीस हजार मोजणाऱ्याने मंगळूरचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

पँट बेंबीवर बसते, कमरेच्या हाडावर नाही

सगळा घोळ इथेच आहे. जांगेच्या शिलाईपासून समोरच्या कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतच्या उंचीला राइज म्हणतात. आजच्या जीन्समध्ये तो नऊ-दहा इंच असतो. जुन्या फौजी पँटमध्ये बारा-तेरा इंचही भरतो.

त्याला कारण होतं. ब्रिटिशांच्या १९३७ च्या ‘बॅटलड्रेस’चं जॅकेट कमरेशीच संपायचं. सैनिक वाकला, पालथा पडला, भिंतीवर चढला तरी जॅकेट आणि पँट यांच्यात फट पडायला नको, म्हणून पँट वरपर्यंत. ती गॅलिसवर टांगलेली असे, पट्ट्याने आवळलेली नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या भारतीय पलटणींचे फोटो पाहा. बेळगावला ज्यांचं केंद्र आहे ते मराठेही त्यांत होते. पँट पोटावर उंच बसलेली दिसते.

आता हिशेब करा. तुमची जीन्स बेंबीच्या तीन बोटं खाली बसते. तिथे तुम्ही ३२ असाल, पण बेंबीवर टेप गुंडाळला तर चाळिशीतल्या माणसाचे ३५-३६ सहज निघतात. त्यात जीन्स कंपन्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला ३४ इंचाच्या कंबरेवर ३२ चं लेबल लावतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी फसगत. इमानदारीने जुनं कटिंग उचलणारा कारागीर मात्र ३२ म्हणजे ३२ च शिवतो. चांगली नक्कल अंगाला होत नाही आणि स्वस्तातली ‘फॅशन’ पटकन होते, यामागचं गुपित एवढंच.

म्हणून ऑर्डर देण्याआधी टेप बेंबीवरून गुंडाळा, पोट आत न ओढता. मग अंगाला नीट बसणारी एखादी सुती फॉर्मल पँट जमिनीवर सपाट पसरा आणि चार मापं घ्या : कंबर, राइज, जांगेच्या एक इंच खाली मांडीची रुंदी आणि मोहरी. विक्रेत्याच्या तक्त्याशी ही चार मापं ताडून पाहा. तक्त्यात राइज आणि मांडी दिलीच नसेल, तर त्या विक्रेत्याकडून न घेतलेलं बरं.

कुठला नमुना कुणाला

अमेरिकी सैन्याची ओजी-१०७ ही सगळ्यांत सोपी सुरुवात. १९५२ मध्ये आली आणि १९८० च्या दशकापर्यंत कुठे ना कुठे वापरात राहिली. समोर दोन चौकोनी ठिगळासारखे खिसे, मागे झाकणाचे दोन, बस्स. मांडी सरळ, मोहरी मध्यम, खालची घडी साधी. त्यामुळे आपल्याकडचा कुठलाही टेलर ती तासाभरात उंचीला कमी करून देतो. साडेपाच फुटाच्या आसपास उंची असणाऱ्याला बाजारातल्या बहुतेक पँटा दोन-तीन इंच लांब होतात, तेव्हा ही सोय लहान नाही.

याउलट एम-६५. ही मुळात दुसऱ्या पँटवरून चढवायची थंडीची पँट, आत अस्तर बटणांनी जोडायची सोय असलेली. ती ढगळ असणारच. मोहरीला झिप असते, त्यामुळे खालून कापता येत नाही. कापली तर झिप जाते, खिसे गुडघ्याखाली लोंबल्यासारखे दिसतात. अमेरिकी लेबलवर ‘मीडियम-रेग्युलर’ म्हणजे कंबर ३१ ते ३५ इंच, आतली उंची साडेएकोणतीस ते साडेबत्तीस, असा पट्टाच छापलेला असायचा; उरलेलं काम बाजूच्या आवळपट्ट्यांचं. ‘मीडियम’ घेतली आणि पिशवीसारखी झाली, ही तक्रार त्यामुळेच येते. पँट चुकीची नसते, ती तशीच असते. आपल्या हवेत तिचा उपयोग ग्वाल्हेरच्या जानेवारीत किंवा रात्रीच्या बाइकप्रवासात होईल तेवढाच.

दुसऱ्या महायुद्धातल्या एचबीटी पँटचं कापड वेगळं. माशाच्या काट्यासारखी उलटसुलट तिरकी वीण असते. साध्या ट्विलची तिरकी वीण एकाच दिशेला जाते. ती स्वस्तात विणली तर दोन-चार धुण्यांत पँटचा पाय पिळवटतो, बाजूची शिलाई नडगीवर येते. काटेवीण दिशा बदलत जाते म्हणून ती सहसा पिळवटत नाही. खिसे मोठे, मांडी रुंद. ट्रेकला, राजहंसगडासारख्या चढणीला हिच्याइतकी मोकळी पँट नाही. ऑफिसला मात्र गबाळी दिसते, हेही खरं.

‘जंगल फटिग’ म्हणजे व्हिएतनाम युद्धातली पातळ पँट. आधी पॉपलिन, १९६० च्या दशकाच्या शेवटी रिपस्टॉप, म्हणजे बारीक चौकड्यांची वीण. फाटलं तर चीर पुढे धावत नाही. मोहरीत नाडी असते. गोवा आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत, बेळगावच्या पावसाळ्यातही, हीच परवडते. जाड पँट जुलैमध्ये धुतली की तीन दिवस दोरीवर कुबट वास मारत राहते.

गुरखा पँट सध्या सगळ्यांत जास्त विकली जाते. पुढे एकमेकांवर जाणारी रुंद पट्टी, दोन्ही बाजूंना बकल, समोर प्लीट. मूळ नमुना मुख्यतः हाफ पँटचा; फुल पँट ही त्याची नंतरची वाढ. पट्टा लागत नाही, दिसायला रुबाबदार. पण हिच्यात फसवाफसवीही सगळ्यांत जास्त. स्वस्त मालात पट्टी दिसते तेवढीच गुरखा, राइज मात्र जीन्सचाच. मग रुंद पट्टी पोटाखाली येते, बसलं की दुमडते आणि बकल पोटात रुततं. गुरखा घ्यायची तर राइज बारा इंचांच्या खाली नको.

फ्रेंच एम-४७, ब्रिटिशांची लोकरी सर्जची पँट हेही हौशी लोक शोधतात. सर्ज आपल्या हवेत घालणं म्हणजे शिक्षा. एम-४७ चांगली, पण तिची जुनी मापं दोन आकडी खुणांत असतात. नक्कल घेताना इंचातलं माप मागून घ्या.

कापड ओळखायचं कसं

जुन्या ओजी-१०७ चं सुती सॅटिन साडेआठ औंसाचं होतं आणि महायुद्धातल्या अमेरिकी खाकी चिनोचं ट्विल ८.२ औंसाचं. आपल्या भाषेत अनुक्रमे साधारण २९० आणि २८० जीएसएम. विक्रेता १८०-२०० जीएसएमचं कापड दाखवत असेल तर ती पातळ पँट आहे. वाईट नव्हे, पण नक्कलही नव्हे. आकडा लिहिलेला नसेल तर पार्सलचं वजन विचारा. अस्सल जाड कापडाची मोठ्यांची पँट अर्ध्या किलोच्या आसपास किंवा वरच भरते.

हातात आल्यावर पँट उलटी करा. आतल्या मुख्य शिलाया कडा आत दुमडून दोन ओळींत मारलेल्या असाव्यात. नुसतं ओव्हरलॉक असेल तर किंमत तशी हवी. जांगेत आणि खिशाच्या टोकांना जाड टाके आहेत का बघा. खिशाचं आतलं कापड पातळ मांजरपाट असेल तर मोटारसायकलच्या किल्ल्या वर्षात भोक पाडतात. मग पांढरा ओला रुमाल आतून घासा. थोडा रंग सुटेल, ते चालतं. रुमाल हिरवागार झाला तर बसल्या जागी सोफा रंगवेल.

आटण्याचं गणितही इथेच. ‘सॅन्फोराइज्ड’ लिहिलेलं कापड जवळपास आटत नाही. सॅनफोर्ड क्लुएटच्या नावावरून ही प्रक्रिया १९३० च्या सुमारास आली. न आटवलेलं कापड शंभराला पाच-सात टक्के आटू शकतं. तीस इंच उंचीत पाच टक्के म्हणजे दीड इंच.

कुणाची घ्यावी

बझ रिकसनसारख्या जपानी कंपन्यांचं काम उत्तम, पण तो ‘परवडणारा’ प्रकार नाही. त्याखाली ब्रॉन्सनसारख्या चिनी कंपन्या येतात. त्या ओजी-१०७, एचबीटी असे नेमके नमुने उचलतात आणि प्रत्येक साइजची सपाट मापं देतात. माप घेऊन मागवणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. रॉथको, मिल-टेक यांचा माल सरप्लसच्या वळणाचा : इंचांऐवजी बहुधा एस, एम, एल असे पट्टे. घर-अंगण, बागकाम, ट्रेक यांना ठीक. नक्कल म्हणून बघाल तर निराशा होईल.

परदेशी मालाचा भाव वेबसाइटवर दिसतो तेवढाच धरू नका. समजा पँट साडेचार हजारांची. पोस्टेज, कस्टम्स, कुरियरवाल्याचं शुल्क, वर टेलरचे दोन-अडीचशे मिळवा आणि परत पाठवायची पाळी आली तर काय, तेही वहीत मांडा. त्या बेरजेत इथल्या चांगल्या टेलरकडे जाड ड्रिल देऊन, एखादी नमुन्याची पँट पुढे ठेवून दोन शिवून होतात का, हे विचारून बघायला हवं. राइज कमी-जास्त करणं टेलरलाही तयार पँटमध्ये जमत नाही. नवी शिवताना ते त्याच्या हातात असतं.

हे कापड मात्र नको

स्वस्त म्हणून भारतीय लष्कराच्या सध्याच्या नक्षीची पँट उचलू नका. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी समोर आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या डिझाइनची आणि नक्षीची लष्कराने त्याच वर्षी नोंदणी करून घेतली आहे. परवानगीशिवाय ती बनवणं-विकणं बेकायदा आहे. त्याआधी, २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, नागरिकांनी लष्करी नमुन्याचे कपडे वापरू नयेत असं आवाहन लष्कराने केलं होतं. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकाचा वेष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी हिरव्या पँटला ही अडचण नाही. तरी छावणीच्या गावात नाक्यावर उत्तरं देत बसायचं नसेल तर साधा एकरंगी नमुना बरा. बिल्ले, रँकच्या फिती तर लावूच नयेत.

पँट आली की लगेच टेलरकडे धावू नका. आधी पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात नव्हे तर सावलीत उलटी वाळवा. न आटवलेलं कापड असेल तर दोनदा धुवा. मग रोजचे बूट घालून, पँट बेंबीवर चढवून उंचीची खूण करून घ्या. कापताना दीड इंच कापड आत दुमडून ठेवायला सांगा.